सही माझ्याजवळ, किल्ली त्याच्याजवळ

मी, श्रीमती उज्ज्वला मुकुंद आठल्ये, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षिका, जन्म कलकत्ता, सध्या मुक्काम न्यू टाउनमधल्या एका उंच इमारतीचा चौदावा मजला, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे; त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले, ते मी त्यांच्या आधी संपवले. कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही, असे या जागी लिहिण्याची पद्धत आहे. ते मी लिहिणार नाही. दबाव आहे. तो माझ्या मुलाचा आहे, प्रेमाचा आहे आणि चोवीस तास आहे. मात्र या कागदावरचा एकही शब्द त्या दबावामुळे आलेला नाही, उलट त्याच्या नाकावर टिच्चून आलेला आहे, एवढे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

माझे यजमान मुकुंद बँकेत अधिकारी होते. ते वारून सहा वर्षे झाली. मुलगा क्षितिज, सून अनुजा आणि वीस वर्षांची नात नूपुर एवढे माझे कुटुंब. पाचव्या मजल्यावर आभा राहते. तिचा नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीवर इथे आला आहे आणि ती स्वतः वकील आहे. मृत्युपत्रात काय लिहावे ते तिने सांगितले. काय लिहू नये तेही सांगितले, पण ते मी ऐकले नाही.

कलम पहिले : घर

घर सगळ्यांच्या मृत्युपत्रात पहिले असते, म्हणून मीही ठेवले. माझ्या नावावर घर नाही. बागबाजारातला आमचा दुसरा मजला भाड्याचा होता. मुकुंद गेल्यावर तीन वर्षे मी तिथे एकटी राहिले आणि मजेत राहिले. मग एकदा जिन्यात पाय मुरगळला आणि क्षितिजने मला इथे आणले. फ्लॅट त्याचा. माझ्या वाट्याला एक खोली आणि एक बाल्कनी. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी लावली आहे. कबुतरे बाहेर असतात, मी आत असते. खालचा रस्ता दिसतो, पण कोणती गाडी कोणत्या गिअरमध्ये चालली आहे ते इतक्या वर ऐकू येत नाही, नुसती गुणगुण येते. बागबाजारात मी पोळ्या लाटता लाटता खालून गेलेल्या गाडीचा क्लच किती घासला आहे ते सांगत असे. तेव्हा घर या कलमाखाली मी कोणाला काही देत नाही. क्षितिज, हे वाचून तुला वाईट वाटेल. वाटू दे थोडे.

कलम दुसरे : ठेवी व दागिने

बँकेतल्या ठेवी क्षितिजला. त्याचेच नाव लावलेले आहे, त्यात वाद नाही. नथ आणि तन्मणी अनुजाला. पाटल्या नूपुरला, तिने त्या मोडून गळ्यात घालायचे काहीतरी नाजूक केले तरी माझी हरकत नाही. माझ्या हरकती मी दुसऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवल्या आहेत.

कलम तिसरे : गाडी

आता मुद्द्याचे.

होंडा सिटी, दीड लिटर, व्हीटेक, रंग पांढरा, नोंदणी एप्रिल २००१, मालक मी. माझ्या पगारातून घेतली. मुकुंदचे म्हणणे होते, चार लोक घेतात तसली एखादी शहाणी गाडी घ्यावी. मी म्हटले, चार लोकांना घेऊ दे.

या गाडीची गंमत अशी की इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा निम्म्यापर्यंत असतो तोवर ती भाजी आणायला निघालेल्या बाईसारखी निमूट चालते. त्यापुढे नेलीत की इंजिनातल्या झडपा जास्त उघडू लागतात, आवाज बदलतो आणि पाठ सीटला टेकते. पहिल्याच दिवशी श्यामबाजारच्या सिग्नलवरून सुटताना तिने तसा आवाज टाकला आणि फुटपाथवरची माणसे दचकून मागे सरली. तिथेच तिचे नाव ठरले. बर्गी.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या बागबाजारापासूनच मराठा खंदक सुरू होत असे. नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार, म्हणजे इथल्या भाषेत बर्गी, येऊन लुटतील या धास्तीने या शहराने तो खणला. बंगालभर त्यांनी उच्छाद मांडला होता, हे खरे. कलकत्त्यात मात्र ते आलेच नाहीत. खंदक बुजला, त्यावर रस्ता झाला, पण बर्गी हे नाव काही बुजले नाही. इथल्या आया अजून पोरांना बर्गीची भीती घालून निजवतात. माझ्या वर्गातल्या मुली माझ्या पाठीमागे मला ‘बर्गी मिस’ म्हणत. मी काय कोणाचे लुटले होते? आडनाव तेवढे मराठी होते, आणि गृहपाठ जरा जास्त देत असे.

रविवारी सकाळी आम्ही दुर्गापूरच्या रस्त्याने शक्तिगडपर्यंत जात असू. तिथे लांगचा मिळतो, आपल्या गुलाबजामसारखाच, पण लांबोडका. मी चालवायची. मुकुंद डावीकडे बसायचा आणि दारावरची कडी दोन्ही हातांनी धरायचा. “उज्ज्वला, आपल्या मागे कोणी लागलंय का?” असे दर रविवारी विचारायचा. पण एकाही रविवारी घरी थांबला नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पुरुष मंडळी त्याला गाठून विचारत, “काय आठल्ये, मायलेज किती देते?” मी तिथेच शेजारी उभी असे. मुकुंद माझ्याकडे बघे आणि म्हणे, “हिला विचारा, मी फक्त घाबरतो.” असा नवरा मिळायला भाग्य लागते.

दीड वर्षापूर्वी, खालच्या पार्किंगमध्ये, बर्गी खांबावर आदळली. त्याविषयी पुढे स्वतंत्र कलम आहे. बंपर, दिवा, रेडिएटर बदलून झाले. गाडी महिन्याभरात बरी झाली. शिक्षा मला झाली. दोन्ही किल्ल्या क्षितिजच्या ऑफिसच्या बॅगेत गेल्या आणि बॅगेला आकड्यांचे कुलूप आहे. माझ्या लायसन्सची मुदत अजून बाकी आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून मला समोरच्या इमारतीतल्या बाईच्या साडीचे काठ दिसतात. कोणी ऐकून घेत नाही. नुसती पायी जरी खाली गेले तरी फाटकावरचा रक्षक फोन उचलतो आणि क्षितिजच्या मोबाइलवर टिंग वाजते. एकदा मी नुसतीच पार्किंगकडे वळले तर तो बिचारा आडवा आला. “मासिमा, दादा बारण कोरेछेन.” दादांनी मनाई केली आहे. सत्तर ओलांडलेल्या बाईला स्वतःच्या गाडीजवळ उभे राहायला मनाई.

येत्या एप्रिलमध्ये गाडीच्या नोंदणीची मुदत संपते. क्षितिज म्हणतो, नूतनीकरणाची कटकट नको, भंगारात देऊन टाकू. आता भंगारात द्यायला मालकाची सही लागते. त्यामुळे आमच्याकडे रोज संध्याकाळी चहाबरोबर असे चालते :

“आई, इथे सही कर.”

“किल्ली दे.”

“आई, लहान मुलासारखं करू नकोस.”

“लहान मुलांच्या हातात कोणी किल्ली देत नाही आणि त्यांच्याकडून कोणी सहीही घेत नाही. मी कोण ते एकदा ठरव.”

मग तो फॉर्म फ्रिजवर ठेवून देतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढतो. सही माझ्याजवळ, किल्ली त्याच्याजवळ. आम्ही दोघेही हलत नाही. तो माझा मुलगा आहे, हट्ट कुठून आला ते मला माहीत आहे.

तेव्हा या मृत्युपत्रान्वये मी असे ठरवते की माझ्या पश्चात बर्गी नूपुरची. तिला कोणीही, कोणत्याही सबबीवर, भंगारात देऊ नये. नूपुरला विकायचीच झाली तर माणूस पाहून विकावी. जो आधी मायलेज विचारील त्याला देऊ नये.

कलम चौथे : मते

माझी मते ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे, वडिलोपार्जित नाही. वडील ट्रामने जात. शाळा सुटल्यावर मी एस्प्लनेडच्या फुटपाथवरून गाड्यांची जुनी विलायती मासिके घेत असे, ती वाचून ही मते झाली. पुढे ज्या गाड्यांची नावे आहेत त्यांतल्या एकीतही मी बसलेले नाही. क्रिकेटवर बोलणारे तरी किती जण बॅट घेऊन उतरले आहेत?

निसान स्कायलाइन जीटी-आर. हिला जग राक्षस म्हणते. यंत्र उत्तम, भक्त असह्य. चार चाकांपैकी कुठल्याला किती जोर द्यायचा ते ती स्वतः ठरवते, त्यामुळे बेताचा माणूसही तिच्यात शूर दिसतो. टोयोटा सुप्राची कीर्ती ही खरे म्हणजे तिच्या इंजिनाची कीर्ती. ते लोखंडी सहा सिलिंडरचे इंजिन अचाटच आहे, पण ते काढून ठेवा आणि मग उरलेल्या जड गाडीला कोण ओवाळते ते बघू. मित्सुबिशीची ईव्हो की सुबारू, हे भांडण मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉलसारखे आहे. ज्या घरात जन्मलात तो पक्ष, पुढे विचार करायचा नाही. मी ईव्होची. कारण विचारू नये. टोयोटाची ती छोटी जुनी शहाऐंशी, हिला एका चित्रमालिकेने देव्हाऱ्यात बसवले. हलकी, सरळ, गुणी गाडी होती, तेवढे पुरे होते. माझ्दा मिआटाला पुरुष मंडळी ‘बायकांची गाडी’ म्हणून नाक मुरडतात. तिच्यात ताकद बेताची आणि वजन त्याहून बेताचे, म्हणून वळणावर ती सांगाल तिथे जाते. नाक मुरडणाऱ्यांना वळणे घेता येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्दा आरएक्स-सेव्हनविषयी मात्र मला जरा बोलायचे आहे. हिच्या इंजिनात दट्ट्ये वरखाली होत नाहीत, एक तिकोनी चाक गरगर फिरत राहते. ते इंजिन चालता चालता थोडे तेल पिते. तो दोष नव्हे, ते बनवलेच तसे आहे. ज्याने पेट्रोल भरताना दर वेळी तेलाची पट्टी काढून पाहिली, इंजिन गार असताना हाणली नाही, त्याला तिने साथ दिली. पुष्कळांनी पट्टी काढली नाही, इंजिन गेले, आणि गावभर सांगत सुटले की गाडीच वाईट. तिला कोणी विचारायला गेले नाही. गाडीला तोंड नसते. एकदा नाव पडले की पुढचा मालक कितीही नेटका असो, ती दोन दिवस गॅरेजबाहेर दिसली नाही की शेजारी म्हणतात, बंद पडली असणार. हे वाचताना मला पूर्वी फक्त चीड येत असे. हल्ली रडू येते.

ही सर्व मते मी नूपुरला देते. तिने ती बदलून वापरली तरी चालतील, पण वापरावीत.

कलम पाचवे : पुण्याचे हर्षद

इंटरनेटवर गाडीवेड्यांचे एक चर्चामंडळ आहे. तिथे मी पुष्कळ वर्षे ‘बर्गी’ या नावाने लिहिते. सगळे मला पुरुष समजतात. बर्गीसर, बर्गीदादा, एकाने तर मला निवृत्त कर्नल ठरवले. मी ते दुरुस्त केले नाही, कारण कर्नलला लोक मुद्द्याला धरून उत्तर देतात. तिथले पुण्याचे हर्षद नावाचे गृहस्थ इतकी वर्षे एकच गोष्ट लिहीत आले आहेत की सिटी व्हीटेक ही नुसत्या बिल्ल्याच्या जोरावर गाजलेली ‘काकूंची गाडी’ आहे. मी त्यांना झडपांच्या आकृत्या काढून दाखवल्या. शून्य उपयोग. गेले दीड वर्ष तर मी तिथे जुन्याच सहली नव्या म्हणून लिहिते, आणि त्या वाचून एकटे हर्षदच विचारतात, “कर्नल, या रविवारी कुठे?” त्यांचा राग येतो आणि तेवढ्यासाठी त्यांची वाटही पाहते.

माझ्या पश्चात नूपुरने माझ्या नावाने तिथे शेवटचा मजकूर टाकावा. तो असा : “हर्षदराव, गाडी काकूंचीच होती. मीच ती काकू. बाकीचे मुद्दे कायम.” पुढे उत्तर देऊ नये.

कलम सहावे : हत्यारे

प्लगचा पाना, टॉर्क रेंच, हवा मोजायचे मीटर, जॅक आणि पान्यांची पेटी, हे सर्व अनुजाला. तिला आश्चर्य वाटेल. गेल्या पावसाळ्यात मिक्सर बंद पडला तेव्हा तिने तो उघडला आणि निघालेले स्क्रू वाट्यांमध्ये क्रमाने मांडून ठेवले, ते मी दारातून पाहिले आहे. नथीपेक्षा हे तिला शोभेल.

शववाहिनी चालवणाऱ्याला कोणीतरी सांगावे की पुलाच्या चढावर इंजिन रडवू नको, वेळेवर गिअर उतर. माझ्या अंत्यविधीविषयी एवढीच सूचना आहे.

कलम सातवे : खांब

हे कलम लिहू नको असे आभा म्हणाली.

त्या दुपारी खांबावर गाडी मी घातली नाही. मी चालवत नव्हते. कोण चालवत होते ते मला माहीत आहे आणि ते नाव मी बरोबर घेऊन जाणार आहे. फाटकावरच्या रक्षकाला कळून तो धावत आला तेव्हा मी स्टिअरिंगमागे बसलेली होते, कारण मी तिथे जाऊन बसले होते. घरच्या सपाता पायात होत्या, तेही कोणी पाहिले नाही. माझा अंदाज असा होता की क्षितिज दोन दिवस धुसफुसेल, चार दिवस अबोला धरील, आणि संपेल. ही जन्मठेप होईल असे वाटले नव्हते. तरी पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा जाऊन बसेन. ज्याचे नाव बदनामीतून वाचले त्याला ते अजून पुष्कळ वर्षे वापरायचे आहे.

पण मेल्यावर तो खांब माझ्या नावावर राहू नये, आणि बर्गीच्याही. एवढ्यासाठी हे कलम.

पुरवणी

वरील मजकूर शुक्रवारी पुरा झाला. आभा म्हणाली, “काकू, एकदा कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, म्हणजे चुका कळतात.” शनिवारी दुपारी मी तो नूपुरला वाचायला दिला. नूपुर बंगाली झरझर वाचते. मराठी मात्र अक्षर लावून लावून. आम्ही घरात मराठी बोललो, पण वाचायला शिकवायचे राहून गेले. पुढे आभाने मला विचारले, “काकू, तुम्ही मुद्दाम तिलाच दिलंत का हो वाचायला?” या प्रश्नाचे उत्तर देण्यास मी बांधील नाही.

मुलगी रंगात येऊन वाचत होती. हर्षदच्या कलमाला तिला हसू आवरेना. मग सातवे कलम आले. “खां-बा-वर... गा-डी... मी... घा-त-ली... ना-ही.” तिथे ती थांबली. पुढचे तिने मनातच लावले. ओठ हलत होते. मग कागद खाली ठेवून म्हणाली, “आजी, हे बाबा वाचणार?”

“मी गेल्यावर.”

“मग तेव्हा मी काय करू? तू तर नसणार.”

ती उठली, कागद घेतला आणि बाहेरच्या खोलीत गेली. क्षितिज लॅपटॉपवर होता. मी दारात जाऊन उभी राहिले.

“बाबा, आजीने नाही केलं. मी केलं. मैत्रिणीला, सायलीला, गाडी दाखवायला नेली होती मी. क्लच सुटला. मी फोन केला तशी आजी खाली आली आणि मला जिन्याने वर पाठवलं आणि स्वतः बसली गाडीत.”

चौदा मजले जिना चढून आली होती पोरगी तेव्हा, धापा टाकत. क्षितिजला त्या दिवशी ते दिसलेही होते. त्याला वाटले, व्यायाम करते आहे.

अनुजाने टीव्ही बंद केला. क्षितिज माझ्याजवळ आला. “आई, खरं?”

“खरं.”

“मग दीड वर्ष बोलली का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस. तू सांगितलंस.”

तो आत जाऊन माझ्या पलंगावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले. मोठा झाल्यापासून त्याला असे बसलेले मी मुकुंद गेला तेव्हाच पाहिले होते. मला त्याला जवळ घ्यावेसे वाटले आणि त्याच क्षणी असेही वाटले की आता किल्ली येणार. दोन्ही खरे आहे. तो उठला, बॅगेचे कुलूप काढले, किल्ली आणली. माझा हात पुढे झाला होता.

त्याने ती नूपुरच्या हातात ठेवली. माझ्यासमोरून.

“भंगाराचं मी रद्द करतो,” तो म्हणाला. “नोंदणीचं बघतो. नूपुर, तुझ्याकडे लायसन्स आहे, तू चालव, आजीला घेऊन जा कुठे म्हणेल तिथे.”

“आणि मी?”

“आई, खांब तुझा नव्हता, मान्य. चुकलो मी. पण आता प्रश्न खांबाचा राहिला नाही गं. तुझं वय... मला भीती वाटते.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिने गाडी ठोकली तिला किल्ली, आणि जिने जन्मात एक आरसा मोडला नाही ती डावीकडे बसणार! म्हणजे खरे काय ते कळले, कबूलही झाले, आणि पडलेले नाव होते तिथेच. बर्गीचे तसेच झाले, आरएक्स-सेव्हनचे तसेच झाले, माझे वेगळे कशाला होईल? मी खोलीत आले आणि दार लावून रडले. त्याच्या आवाजातली भीती खोटी नव्हती, म्हणून जास्त रडले. ती मुकुंदची भीती होती. फक्त मुकुंद ती घेऊन माझ्या शेजारी बसायचा.

आज रविवारी सकाळी आम्ही खाली गेलो. बॅटरी पार उतरली होती. अनुजाने शेजारच्यांच्या गाडीला तारा जोडून ती उठवली. कुठली तार आधी आणि कुठली नंतर हे मला एकदाही सांगावे लागले नाही. मी तेलाची पट्टी काढून पाहिली आणि टायरची हवा मोजली. आभा साक्षीदार म्हणून मागे बसली. क्षितिज लिफ्टच्या दाराशी उभा होता. ये म्हटले तर आला नाही. नूपुरने स्टिअरिंग धरले आणि पुन्हा सोडले. खांबानंतर तिने कुठल्याच गाडीला हात लावला नव्हता, हे मला आज कळले. म्हणजे कैदेत मी एकटीच नव्हते.

“आजी, मला खूप भीती लागते.”

“लागू दे. पहिला गिअर टाक.”

फाटकावर रक्षकाने फोन उचलला, चालवतंय कोण ते पाहिले, आणि फोन ठेवून सलाम ठोकला. माझ्याकडे बघून हसला बिचारा. गंगेवरचा पूल ओलांडेपर्यंत नूपुर आगबोट चालवल्यासारखी चालवत होती. काटा निम्म्याच्या पुढे जाऊच देईना. सिंगूर मागे पडले, रस्ता मोकळा झाला, तेव्हा मात्र मला राहवेना. “दाब आता,” मी म्हटले. तिने दाबले. काटा पाच हजारांच्या पुढे गेला आणि बर्गी ओरडली. मागे आभा ओरडली. नूपुर आधी घाबरली आणि मग मोठमोठ्याने हसायला लागली. दारावरची कडी मी दोन्ही हातांनी धरली आहे, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आले.

त्यावरून तिसऱ्या कलमात एक भर घालते. गाडी नूपुरची, पण डावीकडची सीट मी क्षितिजला ठेवत आहे. कडी भक्कम आहे. त्याच्या वडिलांनी वीस वर्षे तपासून घेतली आहे. त्याने घाबरायचे तर तिथे बसून घाबरावे, वर चौदाव्या मजल्यावर नव्हे.

याखेरीज मृत्युपत्रातील सर्व मजकूर कायम आहे. सातवे कलमही कायम ठेवले आहे. जिचे नाव मी लिहिले नव्हते तिने ते स्वतःच सांगून टाकले आहे. हे सर्व मी वाचून, समजून, चवीने लांगचा खाऊन झाल्यावर सही करत आहे.

स्थळ : “चौदावा मजला, न्यू टाउन” हे आधी लिहिलेले शब्द मी माझ्या हाताने खोडले आहेत. त्याजागी वाचावे : शक्तिगड, दुर्गापूरचा रस्ता, बिमान मोदक यांचे मिठाईचे दुकान, बाहेरचे बाक.

दिनांक : १५ मार्च २०२६, रविवार.

सही : उज्ज्वला मुकुंद आठल्ये

साक्षीदार पहिली : ॲडव्होकेट आभा. मी वरील सही माझ्यासमोर होताना पाहिली. येताना मागच्या सीटवर मी ओरडले होते, हा मजकूर काकूंच्या आग्रहावरून लिहिला आहे.

साक्षीदार दुसरे : बिमान मोदक, दुकानाचे मालक. यांना मराठी येत नाही. सही होताना त्यांनी पाहिली, तेवढे कायद्याला पुरते असे आभा म्हणते. त्यांनी गाडी लांबूनच ओळखली आणि “एतोदिन पोरे, दिदी?” म्हणजे इतक्या दिवसांनी, असे विचारले. मुकुंदविषयीही विचारले. त्यांच्या सहीजवळचा डाग पाकाचा आहे, तो ग्राह्य धरावा.

नूपुर ही लाभार्थी असल्यामुळे तिने साक्षीदार होऊ नये, असा आभाचा सल्ला होता. म्हणून सह्या चालू असताना ती उठून गेली. ती आत्ता समोर उभी आहे, गाडीच्या डाव्या दारापाशी. जाताना तिने किल्ली माझ्या चहाच्या मातीच्या भांड्याशेजारी ठेवली. माझे लायसन्स पर्समध्ये आहे. परतताना गाडी कोण चालवणार, हा विषय या मृत्युपत्राच्या कक्षेत येत नाही.